हरि नारायण आपटे : घरातल्या संघर्षाचे कादंबरीकार



मार्च उजाडला की आपल्या मंडळात महिला दिनाची गडबड सुरू होते. यंदा बैठकीत मी एक गोष्ट सुचवली. ८ मार्च हा हरि नारायण आपटे यांचाही जन्मदिवस आहे. त्यांचा जन्म ८ मार्च १८६४ चा, आणि मृत्यू ३ मार्च १९१९ चा. म्हणजे वयाची पंचावन्न वर्षे पुरी व्हायला अवघे पाच दिवस राहिले असताना ते गेले. मराठी घरातल्या बाईचे दुःख ज्यांनी कादंबरीत एवढ्या बारकाईने पहिल्यांदा मांडले, त्यांचे स्मरण त्याच दिवशी व्हावे, एवढेच माझे म्हणणे होते. सगळ्यांनी मान डोलावली आणि लेख लिहायचे काम माझ्याच गळ्यात पडले.

दुसरे निमित्त असे की आपल्याच एका सभासदांची मुलगी सध्या कादंबरी लिहिते आहे. विषय लष्करातला जुना मराठी वाडा. पन्नास-साठ पाने झाली आणि गाडी अडली, म्हणून ती माझ्याकडे आली. पात्रे आहेत, प्रसंग आहेत, पण वाचताना जीव गुंतत नाही, ही तिची तक्रार. मी आयुष्यभर बँकेत खतावण्या तपासल्या, मी काय सांगणार? पण तिची पाने वाचल्यावर एक लक्षात आले. तिच्या वाड्यातली चांगली माणसे पहिल्या पानापासून चांगली आहेत आणि वाईट माणसे पहिल्या पानापासून वाईट. मग पुढे होणार काय? मी तिला म्हटले, हरिभाऊ वाच. ती म्हणाली, ते कोण? हा लेख तिच्यासाठीही आहे.

घरातली प्रत

आमचे जुने घर गोरखीच्या मागच्या अंगाला, बाड्यापासून पायी पाच मिनिटांवर होते. गोरखी म्हणजे शिंदे सरकारचा जुना वाडा. आमच्या लहानपणी तिथे कचेऱ्या होत्या, शाळा भरत असे आणि शाळेची घंटा आमच्या अंगणात ऐकू येई. घरातल्या भिंतीच्या कपाटात 'पण लक्षात कोण घेतो?' ची एक जाडजूड प्रत होती. पुठ्ठा सुटलेला, पाठीला खळीने चिकटवलेले कापड. उन्हाळ्याच्या दुपारी जेवणे उरकली की आजी ती मोठ्याने वाचत असे आणि शेजारच्या बायका गव्हा-तांदळाची सुपे घेऊन ऐकायला येत.

माजघराच्या दाराशी आजोबांची आत्या बसत. आम्ही मुले त्यांना सोवळी आजी म्हणत असू. अंगावर लाल आलवण, पदर कपाळापर्यंत ओढलेला. यमूच्या केशवपनाचा भाग जवळ आला की त्या उठून देवघरात जात आणि ते प्रकरण संपले की परत येऊन बसत. दर वर्षी हेच. मला वाटे, त्यांची जपाची वेळ झाली असेल. त्यांचे उठणे मला कळले ते पुढे कॉलेजात असताना मी ते पुस्तक स्वतः वाचले तेव्हा. त्या वेळी सोवळी आजी नव्हत्या.

पारोळ्याचा मुलगा

हरिभाऊंचा जन्म खानदेशातल्या पारोळ्याचा. ते लहान असतानाच आई गेली. काका महादेव चिमणाजी आपटे मुंबईत नावाजलेले वकील होते आणि हरिभाऊ वाढले ते त्यांच्या आधाराने, एकत्र कुटुंबात. १८७८ मध्ये कुटुंब मुंबईहून पुण्याला आले. पुढच्याच वर्षी, पंधराव्या वर्षी, घरच्यांनी त्यांचे लग्न करून दिले. तेव्हाची रीतच ती.

आईविना वाढलेल्या मुलाला एकत्र कुटुंब जसे दिसते तसे ते इतरांना दिसत नाही. कोणाच्या ताटात काय पडते, कोणाचा शब्द चालतो, माजघरात कोण कोणाला गप्प करते, हे त्याला न सांगता कळते. हरिभाऊंच्या कादंबऱ्यांत राजवाड्यापेक्षा माजघर जास्त खरे उतरले, याचे मूळ मला तिथे दिसते.

पुण्यात ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकले. १८८० मध्ये सुरू झालेली ही शाळा. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर असे शिक्षक. १८८२ मध्ये विष्णुशास्त्री अकाली गेले, तेव्हा अठरा वर्षांच्या हरिभाऊंनी 'शिष्यजनविलाप' हे विलापकाव्य लिहिले. पुढच्याच वर्षी आगरकरांचे 'विकारविलसित' आले. शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे ते मराठी रूप. त्यावर हरिभाऊंनी विस्तृत टीकालेख लिहिला. एका गुरूसाठी विलाप केला आणि दुसऱ्या गुरूच्या पुस्तकातले दोष मांडले. माणसावरचे प्रेम आणि त्याच्याशी असलेला मतभेद एकाच मनात राहू शकतात, हे त्यांना विशीच्या आतच कळले होते. पुढे त्यांच्या कादंबऱ्यांचे हेच भांडवल झाले.

डेक्कन कॉलेजात गेले, पण गणित नडले आणि पदवी हाती आली नाही. काकांनी १८८८ मध्ये पुण्यात आनंदाश्रम ही संस्था काढली. संस्कृत पोथ्या जमवायच्या, शुद्ध करून छापायच्या, हे तिचे काम. काका १८९४ मध्ये वारले. आनंदाश्रमाची व्यवस्था हरिभाऊंनी अखेरपर्यंत पाहिली. म्हणजे दिवसा जुन्या पोथ्यांची निगराणी आणि लेखणीतून जुन्या रूढींची झडती. दोन्ही कामे त्यांनी मन लावून केली.

आधी एकच थर होता

हरिभाऊंच्या आधी मराठीत कादंबरी नव्हती असे नाही. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची. विधवांची स्थिती हाच तिचा विषय आणि तिच्या नायिकेचे नावही यमुना. पण तिथे उद्देश पुढे चालतो आणि माणसे मागून. नंतर लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला', रिसबुडांची 'मंजुघोषा' अशा अद्भुतरम्य कादंबऱ्या आल्या. राजपुत्र, राजकन्या, कारस्थानी दुष्ट, शेवटी मीलन. १८७१ मध्ये गुंजीकरांच्या 'मोचनगड'ने इतिहासाची वाट उघडली. या गोष्टींत संघर्ष असतो, पण तो बाहेरचा. दुष्टाचा नायनाट झाला की प्रश्न मिटला.

हरिभाऊंची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' १८८५ ची, वय एकवीस. इंग्रज लेखक रेनॉल्ड्स तेव्हा आपल्याकडे फार वाचला जाई, त्याच्या वळणावर ती रचली आहे. जुने सुटले आणि नवे अंगी मुरले नाही अशा समाजाचे चित्र त्यात आहे. नावच किती नेमके! पण तिथेही समाज वरून पाहिलेला आहे. घराच्या आत शिरायला आणखी पाच वर्षे लागली.

करमणूक

१८९० च्या ऑक्टोबरात हरिभाऊंनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले. 'केसरी' आणि 'सुधारक' यांच्या वादांनी पुणे तेव्हा तापलेले होते. घरात सगळ्यांनी मिळून वाचावे, मन रमावे आणि रमता रमता चार गोष्टी मनात उतराव्यात, असे हे पत्र होते. ते १९१७ पर्यंत चालले. सत्तावीस वर्षे! ज्यांनी मंडळाचे वार्षिक अंकसुद्धा काढले आहेत त्यांना कळेल की दर आठवड्याला पत्र काढणे म्हणजे काय.

याच पत्रात 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून १८९३ पर्यंत क्रमशः आली. तो काळ ध्यानात घ्या. संमतिवयाच्या विधेयकाचा वाद पेटला होता. मुलीचे संमतीचे वय दहावरून बारावर नेणारा कायदा मार्च १८९१ मध्ये झाला. रानडे-आगरकर एका बाजूला, टिळक दुसऱ्या बाजूला. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८९० मध्येच मुंबईहून पुण्याला आले होते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, म्हणजे चौतीस वर्षे जुना, पण घराघरांत त्याला कोणी विचारत नव्हते. सभा, अग्रलेख, शास्त्रार्थ, सगळीकडे बाईवरच वाद आणि वादात बाईच नाही. हरिभाऊंनी वाद बाजूला ठेवला आणि एका बाईच्या हाती लेखणी दिली. सारी कादंबरी यमूने स्वतः सांगितलेली आहे.

थरावर थर

आता त्या कादंबरीची रचना जरा सावकाश पाहू.

पहिला थर सगळ्यांना दिसतो तो. रूढी आणि सुधारणा यांचा झगडा. एका बाजूला शंकरमामंजींसारखा सोवळ्याचे सोंग घेतलेला ढोंगी माणूस, दुसऱ्या बाजूला यमूचा शिकलेला, समंजस नवरा रघुनाथराव. कादंबरी एवढीच असती तर ती 'सुधारक'मधला एक लांबलेला लेख झाली असती.

दुसरा थर घराचा. यमूचे वडील करडे आहेत, आई सोशिक आहे. आई गेल्यावर वडील पुन्हा लग्न करतात आणि लहान वयाची मुलगी आई म्हणून घरात येते. सासरी सासुरवास आहे. पण तो सासुरवास करणाऱ्या बायकाही कधी काळी सुनाच होत्या. म्हणजे जिच्यावर जुलूम झाला तीच पुढे जुलमाचे हत्यार बनते. इथे भांडण सुष्ट-दुष्टांचे राहत नाही. ज्या माणसांशी भांडायचे त्यांच्याच पंगतीला बसायचे असते, त्यांच्याच आजारपणात जागायचे असते. यमू नवऱ्याबरोबर मुंबईला जाते तेव्हा वाचन, मोकळे बोलणे, बरोबरीच्या जोडप्यांचा सहवास अशी सुखाची थोडी वर्षे येतात. तो सुखाचा भाग हरिभाऊंनी घाईने उरकलेला नाही. तो इतका भरला आहे म्हणूनच पुढचे दुःख सोसवत नाही.

तिसरा थर यमूच्या मनातला, आणि मला वाटते तो सगळ्यात अवघड. यमू बंडखोर नाही. तिला लहानपणापासून जे शिकवले ते तिला पटलेले आहे. नवऱ्याशी चारचौघांत बोलायला ती स्वतःच लाजते. नवे आवडते आणि नव्याची भीतीही वाटते. बाहेरच्या माणसांनी तिला अडवण्याआधी तिचे मनच तिला अडवते. तिच्या मनातली ही ओढाताण आपण पानोपानी पाहतो, म्हणून ती आपल्याला घरातल्या बाईसारखी वाटते.

आणि यांच्या जोडीला दुर्गी. ही यमूची बालमैत्रीण. दोघी एकाच काळात, एकाच संस्कारात वाढलेल्या. दुर्गीचा नवरा दुर्व्यसनी आणि दुष्ट निघाला, तिचे हाल झाले. यमूला देवमाणूस मिळाला. वाचणाऱ्याला वाटते, सगळा खेळ नवरा कसा मिळतो यावर आहे. मग रघुनाथराव अकाली जातात. यमू पुन्हा त्या जुन्या घरात येते आणि शंकरमामंजींच्या पुढाकाराने, तिच्या मनाविरुद्ध, तिचे केशवपन होते. ती त्यातून उठत नाही. दुष्ट नवऱ्याची दुर्गी उद्ध्वस्त झाली, चांगल्या नवऱ्याची यमूही उद्ध्वस्त झाली. मग दोष कुठे आहे? नवरा बरा की वाईट यावर बाईचे सुख टांगून ठेवणाऱ्या व्यवस्थेत. हे वाक्य हरिभाऊंना कुठे लिहावे लागले नाही. दोन मैत्रिणी शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि हिशेब वाचणाऱ्याने स्वतः जुळवला.

आमच्या बँकेत एका व्यवहाराची दोन ठिकाणी नोंद होते, एकीकडे जमा, एकीकडे नावे. दोन्ही जुळली की खाते खरे. यमू आणि दुर्गी या मला तशा दोन नोंदी वाटतात. त्या मुलीला मी हेच सांगितले. तुझ्या वाड्यातल्या सुनेचे दुःख मोठे करायचे असेल तर सासूला आणखी दुष्ट करू नकोस. शेजारच्या वाड्यात एक सुखी सून बसव आणि तिचे काय होते ते पाहा.

लेखकाच्या घरातला थर

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चरित्र लिहायचे तर जमेची बाजू तेवढी लिहून चालत नाही.

'पण लक्षात कोण घेतो?' छापून येत असतानाच, १८९१ मध्ये, हरिभाऊंच्या पत्नी वारल्या. पुढे त्यांनी दुसरे लग्न केले. ते विधवेशी नव्हे, रीतीप्रमाणे कुमारिकेशी. यमूच्या वडिलांनी पुन्हा लग्न केले तेव्हा ज्या लेखणीने त्यातली विसंगती दाखवली, त्या लेखणीच्या धन्याने घरात काय केले, हा प्रश्न तेव्हाही लोकांच्या मनात आला आणि आजही येतो. न्यायमूर्ती रानड्यांचेही तेच झाले होते. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, पण १८७३ मध्ये पहिली पत्नी गेल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. त्याच पुढे रमाबाई रानडे झाल्या.

मी हरिभाऊंची वकिली करणार नाही. एवढेच म्हणेन की घरच्यांच्या शब्दापुढे माणूस कसा नमतो हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्यांच्या कादंबऱ्यांतले सुधारक पुरुष बोलतात पुष्कळ आणि ऐन वेळी कमी पडतात. त्या चित्रणात स्वतःला सोडलेले दिसत नाही. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न करून दाखवले, तेव्हा ते करता येत होते हेही सिद्ध झाले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही शेजारी ठेवूनच हरिभाऊंकडे पाहावे लागते.

त्यांच्या स्नेहसंबंधांत गोविंद वासुदेव कानिटकर आणि काशीबाई कानिटकर या दांपत्याचे स्थान मोठे आहे. काशीबाई लग्नानंतर लिहा-वाचायला शिकल्या आणि स्वतः लेखिका झाल्या. 'रंगराव' ही कादंबरी आणि डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र ही त्यांची पुस्तके. बाईच्या मनातले बाईकडूनच ऐकायला मिळणे त्या काळात सोपे नव्हते. हरिभाऊंना तो स्नेह लाभला.

'मी' आणि 'उषःकाल'

१८९३ ते १८९५ या काळात 'मी' आली. आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना हरिभाऊ 'आजकालच्या गोष्टी' म्हणत. 'मी'चा नायक भावानंद स्वतःची कथा सांगतो. बहिणीचा संसार दुःखाचा, सुंदरीवर मन जडलेले, आणि तरीही समाजाच्या कामासाठी तो संसार न करण्याचे ठरवतो. यमूच्या गोष्टीत घर माणसाला अडवते. इथे माणूस आपणहून घर सोडतो, आणि सोडताना जे दुखते ते लपवत नाही. चांगले आणि वाईट यांतून निवडणे सोपे असते. दोन चांगल्या गोष्टींतून एक निवडायची वेळ आली की खरी कादंबरी सुरू होते.

त्यानंतर 'उषःकाल', १८९५ ते १८९७. शिवाजी महाराजांच्या स्वराज्याच्या पहिल्या दिवसांची ही कथा. तिच्या केंद्रस्थानी महाराज नाहीत, एका किल्लेदाराचे घर आहे. रंगराव अप्पा विजापूरचे एकनिष्ठ चाकर. ज्याचे अन्न खाल्ले त्याच्याशी बेइमानी करायची नाही, हा त्यांचा धर्म. मुलगा नानासाहेब स्वराज्याकडे ओढला जातो. बाप चुकीचा नाही आणि मुलगाही चुकीचा नाही. लढाई मैदानावर होण्याआधी वडिलांच्या आणि मुलाच्या मधल्या ओसरीवर होते.

आपण ग्वाल्हेरकरांनी ही कादंबरी वाचताना जरा थांबावे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून हे लष्कर वसले, आणि आपली बहुतेक घराणी चाकरीच्याच निमित्ताने इथे आली. १ जून १८५८ ला मुरारला जयाजीरावांची फौज राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे यांना जाऊन मिळाली आणि महाराज आग्र्याकडे निघून गेले. त्या रात्री आपल्या घरांतून काय बोलणी झाली असतील? ज्याचे मीठ खाल्ले तो धनी एकीकडे आणि मन दुसरीकडे. शिंदे सरकारच्या खजिन्याचे खजिनदार अमरचंद बांठिया यांनी राणीच्या फौजेसाठी खजिना खुला केला, आणि ग्वाल्हेर परत इंग्रजांच्या हाती गेल्यावर त्यांना सराफ्यात फाशी देण्यात आले. गोरखीपासून सराफा किती लांब? दहा मिनिटेही लागत नाहीत. मी बँकेत तिजोरीच्या किल्ल्या सांभाळल्या आहेत. विश्वासाने सोपवलेली किल्ली फिरवताना त्या माणसाच्या मनात काय चालले असेल, हा विचार मला अनेकदा शांत झोपू देत नाही. रंगराव अप्पा आणि नानासाहेब हे दोघे एकाच माणसात भांडत असले तर कसे होईल, त्याचे हे उदाहरण. ही कादंबरी अजून कोणी लिहायची राहिली आहे.

'उषःकाल'नंतर 'गड आला पण सिंह गेला', 'चंद्रगुप्त', 'सूर्योदय', 'वज्राघात' अशा ऐतिहासिक कादंबऱ्यांची रांग लागली. 'वज्राघात' विजयनगरच्या पाडावाची कथा आहे. इतिहासाचा निकाल वाचकाला आधीच ठाऊक असतो. त्याला धरून ठेवायचे ते माणसांच्या मनातल्या ओढीनेच, हे हरिभाऊंनी पक्के ओळखले होते.

आठवड्याचा हप्ता

दोषही सांगतो. दर आठवड्याला मजकूर द्यायचा म्हणजे हप्ता चुकवून चालत नाही. त्यामुळे हरिभाऊंच्या कादंबऱ्या लांबतात. एखादा प्रसंग तीन पानांत आटोपला असता तो दहा पाने चालतो, मध्येच लेखक वाचकाशी बोलू लागतो. काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, 'सूर्यग्रहण' त्यांतलीच. आजच्या मुलांना हे जड जाते आणि त्यांची तक्रार खोटी नाही.

पण त्याच हप्त्यांनी एक फायदाही केला. सगळा आराखडा एका बैठकीत संपवून टाकता येत नसे. वाचक आठवडाभर यमूच्या संगतीत राहत, घरात तिच्याविषयी बोलत, आणि पुढच्या आठवड्यात तिची ओळख थोडी आणखी खोल होई. माणूस ओळखीचा होतो तोही असाच, हप्त्याहप्त्याने. संघर्षाचे थर आधी कागदावर आखून नंतर भरले असते तर ते इतके जिवंत उतरले असते का, मला शंका आहे. एकेक दिवस लिहीत जाताना माणसाची दुसरी बाजू दिसते, मग तिसरी. म्हणून त्या मुलीला माझा दुसरा सल्ला असा की पहिल्या पन्नास पानांवर निराश होऊ नकोस. यमूची ओळखही पहिल्या हप्त्यात पुरी झाली नव्हती.

अखेरची वर्षे

हरिभाऊ लेखनात कोंडून घेतलेले गृहस्थ नव्हते. पुणे नगरपालिकेत त्यांनी वर्षानुवर्षे काम केले, तिचे अध्यक्षपदही भूषवले. १९१२ मध्ये अकोल्याला भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९१५ मध्ये मुंबई विद्यापीठाची विल्सन व्याख्याने त्यांनी मराठी भाषेवर दिली. ज्या कॉलेजची पदवी हाती आली नव्हती, ते कॉलेज याच विद्यापीठाचे. १९१७ मध्ये 'करमणूक' थांबले आणि दोनच वर्षांनी, ३ मार्च १९१९ ला, ते गेले.

एक विनंती

८ मार्चच्या कार्यक्रमात 'पण लक्षात कोण घेतो?' मधील एक प्रकरण वाचायचे ठरले आहे. ज्यांच्या घरी हरिभाऊंच्या जुन्या प्रती असतील त्यांनी त्या अवश्य आणाव्यात, पुठ्ठा नसला तरी चालेल.

आणखी एक. मंडळाच्या वंशावळ उपक्रमासाठी मी गेल्या वर्षी आमच्या घराण्याची सात पिढ्यांची वंशावळ तयार करून दिली. चर्मपत्रासारखा जुना कागद होता, तो उतरवून काढला. आता हा लेख लिहिताना सोवळ्या आजींचे नाव घालावे म्हणून ती उघडली. आजोबांच्या वडिलांचे नाव आहे, त्यांच्या तिन्ही भावांची नावे आहेत. बहिणीचे नाव नाही. मुलींची नावे लिहायची पद्धतच नव्हती. घरातल्या वडीलधाऱ्यांना फोन करून विचारले, कोणालाच आठवत नाही. साठ-सत्तर वर्षे एका घरात राहिलेल्या बाईला आम्ही सोवळी आजी म्हणत राहिलो आणि तिचे नाव विचारायचे राहून गेले.

आपल्या घरी अशी कोणी असेल आणि तिचे नाव सांगणारे अजून कोणी हयात असेल, तर आजच विचारून घ्या. नाव, माहेर आणि आठवतील त्या चार गोष्टी लिहून मंडळाकडे पाठवा. शुद्धलेखनाची काळजी करू नका, ते आम्ही पाहून घेऊ.